मन दोषी ठरवतं तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

जय ख्रिस्त! क्षमा झाली असं आपण उपासनेत गातो, प्रभुभोजन घेतो, आणि तरी रात्री अंथरुणावर पडलं की मन पुन्हा खटला उभा करतं. याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, कारण ‘विश्वास कमी पडतोय’ असं ऐकावं लागेल ही धास्ती असते. इथे तसं कोणीही कोणाला म्हणू नये. काय सोसलं आणि प्रभूनं कसं सावरलं, एवढं लिहा. अजून सावरला नसाल तरी लिहा. सुरुवात मी करते.

आईच्या शेवटच्या आजारपणात मीच तिच्याजवळ होते. ती गेली त्या रात्री माझा डोळा लागला होता. तू जागी असतीस तर, हे एकच वाक्य मग कित्येक महिने डोक्यात फिरत राहिलं. जागी असते तरी काही बदललं नसतं, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. मी रोज क्षमा मागायचे आणि रोज तितकीच जड उठायचे. शेवटी आमच्या चर्चच्या पाळकांनी विचारलं, “ताई, क्षमा नेमकी कोणत्या पापाची मागता?” मला सांगता येईना.

त्यांनी बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचायला दिला. प्रमुख याजक यहोशवा मळक्या वस्त्रांत उभा आहे आणि उजव्या हाताला सैतान, दोषारोप करायला. यहोशवा स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही बोलत नाही. सैतानाला धमकावतो तो परमेश्वरच. वस्त्रं मळकी नाहीत असं तिथे कोणी म्हणत नाही. ती काढून त्याला नवी घातली जातात. मी तोवर स्वतःची वकिलीही करत होते आणि स्वतःला शिक्षाही सुनावत होते. दोन्ही कामं माझी नव्हेत, हे तिथे उमगलं. आईच्या स्मृतिदिनाला ते वाक्य अजून येतं. मी तो अध्याय मोठ्यानं वाचते.

*

माझा दोष खरा होता. वाटणीत भावाचा हिस्सा दाबला होता. त्यामुळे ‘हे नुसते विचार आहेत’ असं कोणी समजावलं की जास्तच टोचायचं. बायबलमधला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघाला, ते वाचून भावाकडे गेलो, सगळं कबूल केलं, हिशेब चुकता केला. गंमत नाही, तरीही आतला आवाज थांबेना. तेव्हा फरक कळला. पवित्र आत्मा बोट ठेवतो ते एका कृत्यावर, आणि पुढची वाट दाखवतो. दुसरा आवाज म्हणतो, तू माणूसच असा आहेस. प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा असं सैतानाला म्हटलंय, तो हाच. त्याच्याशी आता मी वाद घालत नाही.

*

मी कॅथलिक. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, करून बाहेर पडलं की लगेच वाटायचं, काहीतरी सांगायचं राहिलं, पुन्हा आत जावं. धर्मगुरूंनी सांगितलं की संत इग्नेशियस लोयोला यांनाही १५२२ साली स्पेनमधल्या मन्रेसा इथे याच शंकांनी इतकं छळलं की जीव द्यावासा वाटे. एकदा कबूल केलेलं पाप पुन्हा उकरायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. निदान ओसीडीचं निघालं, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करायला लावणारा मानसिक आजार. गोळ्या आणि प्रार्थना दोन्ही चालू आहेत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास, असं कृपा करून कोणाला सांगू नका.

*

मला रोमकरांस पत्र ८:१ पाठ आहे. ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही. पाठ असून काहीच वाटत नाही, हाच माझा नवा दोष. सुटका झालेली नाही, म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

*

लिहिलंत, फार बरं केलंत. वाटण्यावर सगळं ठरत असतं तर योहानानं पहिल्या पत्राच्या ३:२० मध्ये, मन दोषी ठरवत असतानाही देव मनापेक्षा थोर आहे, असं लिहिलंच नसतं. तिथे मन गप्प झालेलं नाही, दोष देतंच आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. आज वचन म्हणवत नसेल तर म्हणू नका, आम्ही तुमच्यासाठी म्हणतो. आणि जगणंच नको असा विचार आला, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या माणसाला उठवा, डॉक्टर गाठा.