पोती, बाप्तिस्मे आणि कर्जमाफी

खडूस खजिनदार
काल एका महाशयांनी ठोकून दिलं, "चर्चने गरीब देशांत पोती वाटली आणि बाप्तिस्मे मोजले, गरिबी होती तिथेच आहे." प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. मे १९९८ मध्ये जी-८ ची, म्हणजे आठ बड्या देशांची, बैठक बर्मिंगहॅमला होती. तिथे सुमारे ७०,००० लोकांनी हात धरून साखळी केली : गरीब देशांचं न फिटणारं कर्ज माफ करा. त्या मोहिमेचं 'ज्युबिली २०००' हे नावच मुळी बायबलातल्या योबेल वर्षाचं (दर पन्नासावं वर्ष, गुलामांना मोकळं करायचं आणि जमिनी मूळ मालकांना परत करायच्या), आणि गर्दीत चर्चची माणसं ढिगाने. पुढे २००५-०६ मध्ये झांबियाचं बरंचसं कर्ज माफ झालं, आणि एप्रिल २००६ पासून तिथल्या ग्रामीण सरकारी दवाखान्यांतली फी गेली. हे कुठल्या पोत्यात भरता?

उंटावरचा
ते महाशय मीच. त्या साखळीत कामगार संघटनाही होत्या, पण श्रेय पाद्र्यांना. चालू द्या. मी झांबियात तीन वर्षं काढली आहेत. आमचा ड्रायव्हर पगाराचा दहावा हिस्सा न चुकता पास्टरला द्यायचा, आणि पोरीची शाळेची फी थकलेली. विचारलं तर म्हणे, आधी पेरावं लागतं, मग देव देतो. देवाने गाडी दिली, पास्टरला. रविवारी ती चालवायला आमचाच ड्रायव्हर. फुकट.

जाईजुई
हा 'पेरा आणि श्रीमंत व्हा'वाल्यांचा धंदा आहे. सगळ्या चर्चना एका दावणीला बांधू नका.

उंटावरचा
आलंच! वाईट निघालं की 'ते आमचे नव्हेत'. 'सगळा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, भांडारात आणा' हे मलाखी ३:१० दोघांच्याही बायबलात आहे ना?

जाईजुई
आहे. त्याच बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात १४:२९ पण आहे. तिसऱ्या वर्षीचा दशमांश परक्याला, अनाथाला, विधवेला. तुमच्या पास्टरने ते पान चिकटवलं असेल. माझी आई वीस वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीचा हिशेब लिहायची; कोणाची औषधं, कोणाची फी, सगळं वहीत. ती वही पाहून मी मोठी झाले. तुम्ही एक ड्रायव्हर पाहिलात.

उंटावरचा
आणि तुम्ही एक वही.

तिरपागडे
दशमांश पुरे की! जमिनीचं बोला. ब्राझीलच्या बिशपांनी १९७५ मध्ये गरीब शेतकऱ्यांच्या जमिनीच्या हक्कांसाठी भूमी आयोग काढला. त्याचं काम करणाऱ्या जोगीण सिस्टर डोरोथी स्टँग यांना २००५ मध्ये गोळ्या घातल्या, वय ७३. पोती वाटल्याबद्दल कोणी गोळ्या घालत नाही. पण खजिनदार, तुम्हीही हुरळू नका. गरिबांची बाजू घेणाऱ्या मुक्तीच्या धर्मशास्त्राला १९८४ मध्ये ताकीद दिली ती रोमनेच, म्हणजे पोपच्या व्हॅटिकनने.

खडूस खजिनदार
ताकीद मान्य. पण माझा प्रश्न कर्जमाफीचा होता, याची कोणाला आठवण?

उंटावरचा
बरं, कर्जमाफीचे गुण दिले. दहापैकी एक. दशमांश.

जाईजुई
त्या पोरीच्या फीचं काय झालं?

उंटावरचा
मी भरली. पुढच्या रविवारी ड्रायव्हरने चर्चमध्ये साक्ष दिली, देवाने भरली म्हणून.