मनपाच्या प्रकल्पांच्या बातम्या: आपल्या लेआऊटपुरते त्यातून काय समजून घ्यावे?

लेआऊट_सचिव (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. पश्चिम नागपुरातील एका जुन्या लेआऊटच्या रहिवासी मंडळाचे सचिवपद यंदा माझ्याकडे आले. आधीच्या सचिवांनी कारभार सोपवताना पावतीपुस्तक, मैदानाच्या फाटकाच्या दोन किल्ल्या आणि वर्तमानपत्रांतील कात्रणांची एक जाडजूड फाईल माझ्या हाती दिली. सिमेंट रस्ते, गडर लाईन (सांडपाण्याची वाहिनी), नव्या जलवाहिन्या, नाग नदीची स्वच्छता अशा कामांविषयी महापालिकेने वेळोवेळी दिलेली माहिती त्या फाईलमध्ये तारीखवार लावलेली आहे, आणि काही कात्रणांच्या समासात त्यांनी लाल शाईने ‘आपल्याकडे?’ एवढेच लिहून ठेवले आहे. आता तोच प्रश्न सदस्य मला विचारतात. बातमी आली की तासाभरात ती मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर येते आणि ‘आपल्याकडे कधी?’ याचे उत्तर सचिवाला ठाऊक असलेच पाहिजे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

त्यात भर म्हणून आमच्या भागात लोकसहभागाची चर्चा सुरू झाली आहे. लेआऊटमधील सार्वजनिक वापराची मोकळी जागा, जिला आपण सगळे पीयू लँडच म्हणतो, तिची देखभाल मंडळाने करावी आणि ओल्या कचऱ्याचे खत तिथेच तयार करावे, अशी ही कल्पना आहे. अर्धे सदस्य उत्साही आहेत. उरलेले म्हणतात की मालमत्ता कर आम्हीच भरायचा आणि झाडूही आम्हीच मारायचा, हा कोणता न्याय? अशा बातम्या नेमक्या कशा वाचाव्यात आणि अशा भागीदारीला होकार देण्यापूर्वी काय पाहावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

मोजपट्टी

सचिवसाहेब, मी सरकारी बांधकामाच्या कामात तीस वर्षे काढली; नोकरी महापालिकेतली नव्हती, पण कागदाची वाट सगळीकडे जवळपास तीच असते. बातमीतला कोटींचा आकडा डोळ्यांत भरतो, उपयोगी पडते ते वाक्याच्या शेवटचे क्रियापद. ‘प्रस्तावित आहे’ याचा अर्थ फार तर प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार झाले आहे. ‘मंजुरी मिळाली’ असे म्हटले असेल तर ती तांत्रिक की प्रशासकीय, हे विचारावे, कारण दोन्ही मिळाल्यावरही निविदा निघायची असते, ती उघडायची असते आणि दर जास्त आले तर पुन्हा काढायची असते. कंत्राटदाराच्या हाती कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, पडला की तिथून पुढे कामाची मुदत मोजता येते. म्हणून सदस्यांनी ‘कधी?’ विचारले की आपण एकच गोष्ट शोधावी: कार्यादेश निघाला आहे का, आणि निघाला असल्यास त्याचा क्रमांक व तारीख काय.

नाग नदीचेच उदाहरण घ्या. दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या पात्रातील गाळ पोकलेन लावून काढतात. ते पावसाळ्यापूर्वीचे नेमाचे काम आहे आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा करावेच लागते. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर झालेला सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्प ही अगदी वेगळी गोष्ट आहे: त्यात मलवाहिन्या आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आहेत, केंद्र, राज्य आणि महापालिका अशा तिघांचा वाटा आहे, जपानच्या जायका संस्थेचे कर्ज आहे, आणि इतक्या दारांतून पैसा यायचा असला की मंजुरीची बातमी आणि आपल्या गल्लीतले चेंबर यांच्यामध्ये वर्षे जातात. दोन्ही बातम्यांच्या मथळ्यात ‘नाग नदी’ असते, त्यामुळे आपल्या फाईलमध्ये ती कात्रणे बहुधा एकाखाली एक लागली असतील. ती वेगळी करावीत.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या रस्त्याचे डांबरीकरण जाऊन सिमेंटीकरण झाले तेव्हा मी स्वतः या क्षेत्रातला असूनही गाफील राहिलो. पूर्वी फाटकातून रस्त्यावर उतरायला दोन पायऱ्या होत्या. काम संपले तेव्हा एक पायरी काँक्रीटखाली गेली होती आणि दुसरी रस्त्याच्या बरोबरीला आली होती. त्या पावसाळ्यात रस्त्याचे पाणी नालीत न जाता आमच्या अंगणात आले आणि मी तांदळाची पोती पाटावर रचून ठेवली. ज्या यंत्रणेचे काम होते तिथल्या अभियंत्याने आराखडा दाखवला आणि अंतिम पातळी त्यात पहिल्यापासून लिहिलेली निघाली. आम्हीच ती आधी मागितली नव्हती. काँक्रीट पडल्यावर ते कोणी खरवडून खाली घेत नाही, तेव्हा रस्त्याचा छेद (आडवा कापून दाखवलेले रेखाचित्र) आणि अंतिम पातळी यांची प्रत खोदकाम सुरू होण्यापूर्वी मागावी, आणि दोषदायित्वाचा कालावधी किती आहे हेही त्याच वेळी लिहून घ्यावे. त्या मुदतीत तडा गेला किंवा पेव्हर ब्लॉक खचले तर दुरुस्ती कंत्राटदाराला स्वतःच्या खर्चाने करावी लागते, आणि मुदत कधी संपते हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक तक्रारी महिना-दोन महिने उशिराने पोहोचतात.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाचे शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशेच्या आत शब्द असावे लागतात, हे विसरून लोक चार पानी कैफियत लिहितात आणि मग अर्ज परत आला म्हणून रागावतात.

पारडीकर

वरील माहिती उत्तम आहे, पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की काम नक्की कोणाचे? नागपुरात रस्ता महापालिकेचा असू शकतो, नागपूर सुधार प्रन्यासचा असू शकतो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आणि त्याच्या शेजारची मार्गिका महामेट्रोची असू शकते. प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आलेली, महापालिका १९५१ ची, आणि गुंठेवारीतल्या शेकडो लेआऊटांमध्ये कोणाची हद्द कुठे संपते हे तिथल्या रहिवाशांनाही सांगता येत नाही. ‘मंगळवारी’ नावाच्या झोनमधील माणूस लकडगंज झोनच्या खिडकीवर तासभर उभा राहिलेला मी पाहिला आहे. शहरात महापालिकेचे झोन दहा आहेत. आपला कोणता, हे कराच्या देयकावर छापलेले असते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तलाव, सांडवा, पात्र आणि संरक्षक भिंत यांची जबाबदारी कोणाकोणाची हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. आपण पश्चिम भागातले आहात म्हणून हे मुद्दाम लिहितो. तिथल्या कामाच्या प्रत्येक बातमीत विभागाचे नाव आधी वाचावे.

पाण्याबद्दल एक बारीकशी गोष्ट. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याची सूचना निघते तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा जलकुंभांची नावे असतात: सेमिनरी हिल्स, राजभवन, सीताबर्डी फोर्ट, नंदनवन, सक्करदरा, वांजरी वगैरे. सदस्य त्यात आपल्या लेआऊटचे नाव शोधतात, ते सापडत नाही म्हणून निर्धास्त राहतात आणि सकाळी नळ कोरडा असतो. आपल्या नळाला कोणत्या जलकुंभाचे पाणी येते हे एकदा विचारून मंडळाच्या फलकावर लिहून टाकावे.

ओला_सुका

सचिवभाऊ, भागीदारीच्या मुद्द्यावर मी लिहिते, कारण आमच्या मंडळाने हे तीन वर्षे केले आहे.

‘भागीदारी’ हा शब्द मनपाच्या माहितीत दोन अगदी निराळ्या अर्थांनी येतो. शहराचा चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रकल्प हीदेखील भागीदारीच आहे. २०१२ पासून खासगी कंपनी तो पंचवीस वर्षांच्या कराराने चालवते आणि त्या करारात कोणी काय करायचे हे लिहिलेले आहे. दुसरीकडे २०१४ पासून चालत आलेला पौर्णिमा दिवस आहे. पौर्णिमेच्या रात्री स्वयंसेवक बाजारपेठेत जाऊन दुकानदारांना तासभर अनावश्यक दिवे बंद ठेवण्याची विनंती करतात, मनपाही त्यात सोबत असते, आणि तिथे करार नाही, दंड नाही, निव्वळ विनंती आहे. पहिल्या प्रकारात माघार घेणे महागात पडते, दुसऱ्या प्रकारात पुढच्या पौर्णिमेला कोणी आले नाही तरी काही बिघडत नाही. तुमचे पीयू लँड या दोन्हींच्या मधोमध येते. काम पहिल्या प्रकारासारखे रोजचे, आणि कागद मात्र दुसऱ्या प्रकारासारखा, म्हणजे बहुधा नाहीच. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आमच्याकडे सुरुवातीला असेच झाले. खताचे दोन खड्डे खणले, उद्घाटन झाले, छायाचित्र छापून आले. महिन्याभरात वाळलेला पालापाचोळा संपला, ओल्या कचऱ्याला वास सुटला आणि शेजारच्या इमारतीतील आजींनी माझ्याशी बोलणे सोडले. तेवढ्यात घंटागाडीवाले वेगळा केलेला कचरा आमच्याच डोळ्यांदेखत एकत्र ओतू लागले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरीच करून देणे आपल्यावर बंधनकारक केले होते, पण पुढेही तो वेगळाच जातो आहे की नाही, यावर लक्ष आपणच ठेवावे लागते. भांडून काही झाले नाही. मग आम्ही दोनशे पानी वही आणली आणि तारीख, गाडीची वेळ, कप्पे वेगळे होते का, कामगाराची सही असे रकाने आखले. चाळीस दिवसांची वही घेऊन गेल्यावर संबंधित कार्यालयातील निरीक्षकांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि दुसऱ्या आठवड्यापासून दुभाजक असलेली गाडी येऊ लागली. म्हणून मोजपट्टीसाहेबांशी मी इथे थोडी असहमत आहे: माहितीचा अधिकार शेवटी वापरावा, आधी वही आणि कनिष्ठ अभियंता.

होकार देण्यापूर्वी पाणी कुठून येणार, विजेचे देयक कोणाच्या नावावर राहणार, छाटणीचा पालापाचोळा कोण उचलणार आणि मंडळाला जमेनासे झाल्यास किती दिवसांच्या सूचनेने बाहेर पडता येईल, एवढे लेखी घ्यावे. कर भरणाऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तरही त्याच कागदात असते. जे काम मनपाचे आहे ते मनपाकडेच राहिल्याचे दिसले की निम्मा विरोध आपोआप मावळतो.

हिशेबनीस

मला यातले काहीच पटत नाही, असे नाही. पण खेळण्यांची साधने असलेली जागा देखभालीला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका मंडळाच्या ताब्यातील मैदानात झोपाळ्याची कडी तुटून मुलाचा हात मोडला, आणि खर्च कोणी द्यायचा यावरून मंडळात उभी फूट पडली ती आजतागायत सांधली नाही. झाडे घ्या, खत घ्या, झोपाळा घेऊ नका.

लेआऊट_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. कालच झोन कार्यालयात जाऊन आलो. आमचा जलकुंभ राजभवनाचा निघाला, आणि आम्ही सगळे तो सेमिनरी हिल्सचा समजून चाललो होतो. ज्या रस्त्याच्या कात्रणावर तीन ठिकाणी ‘आपल्याकडे?’ लिहिले आहे, त्याचा कार्यादेश निघालेला आहे. क्रमांक आणि तारीख उतरवून आणली असून छेदाच्या प्रतीसाठी पत्र दिले आहे. आखणी पुढील आठवड्यात होईल, असे कनिष्ठ अभियंत्यांनी सांगितले. मोकळ्या जागेबाबत ताईंनी सांगितलेले मुद्दे सभेपुढे ठेवीन, आणि झोपाळ्याचा विषय हिशेबनीस यांच्या म्हणण्याप्रमाणे वगळण्याचे सुचवीन.

मोजपट्टी

सचिवसाहेब, आखणीचा चुना पडण्याआधी एक करा. प्रत्येक घराच्या फाटकाच्या उंबरठ्यापासून सध्याच्या रस्त्यापर्यंतची उंची मोजा आणि मोजपट्टीचे आकडे स्पष्ट दिसतील असे छायाचित्र काढून ठेवा. कोपऱ्यावरचे, सर्वांत सखल घर आधी घ्या.