लढाया आणि राजे सोडून बोला, इतिहास खरा कुठे वळला?

जिज्ञासू:
कलाटणी देणाऱ्या घटना म्हटलं की तेच तेच येतं, १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं, १७८९ ची फ्रेंच क्रांती, १९१४ चा सारायेव्होतला खून. सगळं महत्त्वाचंच, पण मला असं काहीतरी हवंय जे घडलं नसतं तर आज आपलं रोजचं जगणंच वेगळं असतं. एकच निवडा आणि का ते सांगा, नुसती यादी नको प्लीज.

खडूफळा:
माझं मत डोळे झाकून अमोनियाला, म्हणजे नायट्रोजनच्या रासायनिक खताच्या कच्च्या मालाला. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की पिकांना तो थेट घेता येत नाही, म्हणून तोवर सगळी भिस्त शेणखत, कडधान्यांची फेरपालट आणि चिलीच्या वाळवंटातून जहाजं भरभरून आणलेल्या सोऱ्यावर (नायट्रोजन असलेल्या क्षारावर). १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हेबरने हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला. पण खरी कमाल मला कार्ल बॉशची वाटते, कारण प्रयोगशाळेतलं कारखान्यात आणताना पोलादी नळकांडी फुटायची, एवढ्या तापमानाला आणि दाबाला हायड्रोजन पोलादातला कार्बनच खाऊन टाकायचा. त्याने आतून कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर लावलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. झालं, १९१३ ला ओपाउचा कारखाना सुरू! १९०० च्या सुमारास जगात साधारण १६० कोटी माणसं होती, २०२२ मध्ये ८०० कोटी झाली, आणि आज त्यातल्या जवळपास निम्म्यांचं अन्न या खतावर पिकतं असा अंदाज आहे.

वाटसरू:
पटलं, पण "लढाया सोडून" हे इथे जमत नाही हो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या नाकेबंदीने जर्मनीचा सोरा तुटला, तेव्हा याच अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यातून स्फोटकं बनली, नाहीतर त्यांचा दारूगोळा फार आधी आटला असता. आणि एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीनचा विषारी वायू सोडताना हाच हेबर जातीने हजर होता. त्यालाच १९१८ चं नोबेल मिळालं हे मला अजूनही पचत नाही.

सुईदोरा:
लोकसंख्येचं सगळं श्रेय खताला कसं देता? माणसं जगायला लागली हेही धरा ना. माझी निवड १८४७, व्हिएन्नाचं प्रसूतिगृह. तिथे दोन वॉर्ड होते, एक सुईणींचा आणि एक डॉक्टर-विद्यार्थ्यांचा, आणि डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वराने बाया कितीतरी जास्त मरायच्या. तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की ही मंडळी शवविच्छेदन करून तशीच बाळंतिणी तपासायला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आले. एवढा धडधडीत पुरावा समोर असून बहुतेक मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं नाही, कारण आपल्याच हातांनी बाया मेल्या हे कोण मान्य करणार.

जिज्ञासू:
सुईदोरा, हे वाचून कसंसंच झालं. पण मग त्याचं कुणी ऐकलंच नाही तर वळण १८४७ ला आलं असं म्हणायचं, की पुढे पाश्चर आणि कॉख यांनी जंतू दाखवले तेव्हा?

सुईदोरा:
जग वळलं ते जंतू दिसल्यावरच, मान्य. तरी मी १८४७ च म्हणेन, त्या वॉर्डातल्या ज्या बाया जिवंत घरी गेल्या त्यांच्यासाठी तेव्हाच वळलं होतं.