लिंटरच्या (सरकीवर उरलेल्या कापसाच्या तंतूंच्या) लगद्यातले तपकिरी ठिपके जात नाहीत, मदत हवी आहे
सरकीवरून निघालेलं दुसऱ्या कटाचं, म्हणजे दुसऱ्यांदा खरवडून काढलेलं लिंटर कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवतोय, मग पेरॉक्साइडने ब्लीच. पहिल्या कटाचे तंतू लांब, ते गादी-फेल्टला चालतात. मला हवाय सेल्युलोज अ‍ॅसिटेट बनवण्यासाठीचा लगदा, म्हणजे अल्फा सेल्युलोज (सोड्यात न विरघळणारं शुद्ध सेल्युलोज) 98-99 टक्के. लगदा पांढराशुभ्र होतो, पण चिमूटभर उजेडात धरला की सरकीच्या टरफलाचे तपकिरी ठिपके दिसतातच. तापमान वाढवलं की ठिपके कमी, पण व्हिस्कोसिटी (लगद्याच्या द्रावणाचा दाटपणा, साखळ्या किती लांब आहेत ते यावरून कळतं) धाडकन खाली येते. डायजेस्टरमध्ये (शिजवायच्या दाबपात्रात) हवा अडकून सेल्युलोजच्या साखळ्या तुटत असतील का? (माझा संशय हवेवरच आहे.) की शिजवण्याआधीची सुकी सफाईच कमी पडतेय? सोडा वाढवा एवढंच सांगू नका, ते करून झालंय.