सिंहगडाच्या पायथ्याशी गाड्या लावताना घ्यायची काळजी

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. रविवारी पहाटे सिंहगड पायी चढणाऱ्यांच्या गाड्या आतकरवाडीत काही तास लक्ष न ठेवता उभ्या राहणार आहेत. पर्यटनस्थळी काचा फोडून बॅगा पळवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा सूचना असल्यास कळवाव्यात.

बी-५०२: सामान डिकीत ठेवावे, म्हणजे प्रश्न मिटला.

ए-१०३: काका, डिकीला हरकत नाही, परंतु ते काम सोसायटीच्या आवारातच उरकावे. पायथ्याला उतरून सर्वांदेखत लॅपटॉपची बॅग डिकीत सरकवली, तर टपून बसलेल्याला आपणच पत्ता दिल्यासारखे होते. हॅचबॅकमध्ये मागचा ट्रे काढलेला असेल तर डिकीतले सगळे काचेतून दिसते, हेही पाहावे. गडावर जाताना लॅपटॉप लागतोच कशाला, हे विचारून मी आमच्या घरी थकले आहे.

बी-५०२: सायरन आहे की गाडीला!

ए-१०३: पुढची काच लॅमिनेटेड असल्याने तडकली तरी जागेवर राहते, दारांच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात आणि फुटल्या की त्यांचा क्षणात चुरा होतो. सायरन ऐकून कोणी वळून पाहीपर्यंत बॅग गेलेली असते. सॅक रिकामी आहे हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून सीटवर रिकामी सॅक किंवा चार्जरची वायरसुद्धा नको.

सी-२०१: विम्याविषयी थोडे. सर्वसमावेशक पॉलिसीत फुटलेल्या काचेची भरपाई मिळू शकते, पण आतला फोन वा पाकीट त्यात सहसा धरत नाहीत. केवळ थर्ड पार्टी विमा (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा) असेल तर काचही स्वखर्चाने बसवावी लागते. दाव्यामुळे नो क्लेम बोनसवर, म्हणजे दावा न केल्यास हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर, पाणी सोडावे लागण्याची शक्यता असल्याने आधी काचेचा खर्च विचारून घ्यावा. तसा प्रसंग आल्यास गाडीला हात लावण्यापूर्वी फोटो काढून ११२ वर कळवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, त्यामुळे कोणी दुसरीकडे जायला सांगितले तर हे कलम दाखवावे.

सचिव: आभार. निघण्यापूर्वी गेटवर प्रत्येक गाडी आतून पाहिली जाईल. शक्यतो कमी गाड्या न्याव्यात.

बी-५०२: मान्य. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवावे.