लॉजिक आणि कॉम्प्लेक्सिटीचा संबंध: वाचायला सुरुवात कुठून करू?

निशाचर:
पी (झटपट सुटणारे प्रश्न), एनपी (ज्यांचं दिलेलं उत्तर झटपट तपासता येतं असे), एनपी-कम्प्लीट (एनपीतले सर्वांत अवघड) हे सगळं झालंय, फर्स्ट ऑर्डर लॉजिकही (‘प्रत्येक घटक’, ‘एखादा घटक’ अशी विधानं) बऱ्यापैकी येतं. पण दोन्हींचा सांधा नेमका कुठे जुळतो ते कळत नाही. कुकच्या १९७१ च्या प्रमेयात सॅट (दिलेलं तार्किक सूत्र खरं करता येतं का, हा प्रश्न) येतो, पण तिथे लॉजिक म्हणजे नुसता एक अवघड प्रश्न वाटतो. त्यापुढे काय वाचू? क्रमही सांगा, प्लीज.

दूर्वांकुर:
थेट फेगिनच्या प्रमेयाला (१९७४) हात घाला. एनपीमध्ये नेमके तेच गुणधर्म येतात जे एक्झिस्टेन्शियल सेकंड ऑर्डर लॉजिकमध्ये (‘असे संच किंवा संबंध आहेत, की…’ अशा विधानांत) लिहिता येतात. म्हणजे व्याख्येत ना ट्युरिंग मशीन, ना वेळेचा हिशेब!

ग्राफ तीन रंगांत रंगवता येतो का, हे घ्या: ‘शिरोबिंदूंचे असे तीन संच आहेत, की प्रत्येक बिंदू त्यांतल्या एका तरी संचात आहे आणि कुठल्याही कडेची दोन्ही टोकं एकाच संचात नाहीत.’ ‘असे संच आहेत’ हा झाला अंदाज, बाकीची तपासणी. हे चिन्हांत लिहून झालं की हॅमिल्टन सायकलसाठी (प्रत्येक बिंदूतून एकदाच जाऊन परत येणारी वाट) लिहा. तिथे नुसते बिंदूंचे संच पुरत नाहीत, बिंदूंना क्रम लावणारा संबंध मागावा लागतो. सोबतीला इमरमनचं ‘डिस्क्रिप्टिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ (१९९९) ठेवा.

पायवाट:
फेगिन हवाच, पण माझ्या मते एरेनफॉइश्ट-फ्रेसे खेळ आधी. काय लिहिता येत *नाही* हे कळल्याशिवाय या विषयाची गोडी लागत नाही. दोन संच घ्या, एकात १० घटक, दुसऱ्यात ११, त्यांवर दुसरी कुठलीही रचना नाही. एक खेळाडू कुठल्याही संचातला घटक उचलतो, दुसरा उरलेल्या संचातून जोडीचा घटक देतो; जोड्या जुळल्या नाहीत (एकीकडे तोच घटक, दुसरीकडे वेगळा) तर दुसरा हरतो. १० फेऱ्यांपर्यंत दुसऱ्याला पकडताच येत नाही. संच मोठे करत गेलात की फेऱ्या कितीही वाढवा, तेच होतं. फर्स्ट ऑर्डरचं कुठलंही एक विधान ठरावीक फेऱ्यांपलीकडचा फरक ओळखू शकत नाही, म्हणून ‘घटकांची संख्या सम आहे’ हे फर्स्ट ऑर्डरमध्ये लिहिता येत नाही. यासाठी लिबकिनचं फायनाइट मॉडेल थिअरीवरचं पुस्तक उत्तम.

मग इमरमन-वार्डी (१९८२): घटकांना क्रम दिलेला असेल तर फर्स्ट ऑर्डर अधिक लीस्ट फिक्स्ड पॉइंट (काही नवं मिळेनासं होईपर्यंत तीच व्याख्या पुन्हा पुन्हा लावणं) म्हणजे बरोबर पी. क्रम काढून घेतला की सम-विषमसुद्धा जमत नाही! क्रमाशिवाय पी पकडणारं लॉजिक आहे का, हा प्रश्न अजून खुला आहे. तसं लॉजिक नाहीच असं सिद्ध झालं तर पी आणि एनपी वेगळे ठरतील, कारण फेगिनमुळे एनपीला ते आहे.

निशाचर:
हे फारच सुंदर आहे! आणि प्रूफ कॉम्प्लेक्सिटी (सिद्धता किती लांब लागते याचा अभ्यास)? सॅट सॉल्व्हर वापरतो, म्हणून विचारतोय.

दूर्वांकुर:
मग हेकनचा १९८५ चा निकाल नक्की पाहा. n+1 कबुतरं n खुराड्यांत एकेकटी मावत नाहीत, एवढंच सिद्ध करायला रेझोल्यूशनला (दोन विधानांतला परस्परविरोधी भाग गाळून नवं विधान काढण्याची पद्धत) एक्स्पोनेन्शियल लांबीची सिद्धता लागते. तुमच्या सॉल्व्हरचा गाभा बहुधा रेझोल्यूशनच असेल, त्याला हे सूत्र देऊन n वाढवत न्या. पण आधी खेळ आणि फेगिन. पायवाट यांचा क्रम मलाही पटला.