लडाखमधील कृत्रिम हिमनदी: बांध की स्तूप?

प्रश्न: लडाखमध्ये हिमनद्या मागे हटत असल्याने एप्रिल-मे महिन्यांत, ऐन पेरणीच्या वेळी, ओढे कोरडे असतात. गावाचा आराखडा करताना दगडी बांध घालावेत की बर्फाचा स्तूप, म्हणजे नळाने आणलेले पाणी हवेत उडवून गोठवलेला बर्फाचा शंकू, उभारावा?

प्रतिसाद १: लडाखचे अभियंते चेवांग नोर्फेल यांच्या पद्धतीत हिवाळ्यात वाया जाणारे पाणी डोंगराच्या सावलीत वळवून, बुटक्या बांधांमागे संथ करून थराथराने गोठवतात, म्हणजे तो बर्फ पेरणीच्या वेळी वितळून पाणी देतो. सावली नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ.

प्रतिसाद २: सहमत, परंतु गावाजवळ अशी सावली क्वचितच मिळते, म्हणून लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांनी स्तूपासाठी शंकूचा आकार निवडला, ज्यात साठ्याच्या मानाने उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग कमी राहतो. उंचावरून येणाऱ्या पाण्याला पंप लागत नाही. नळातच पाणी गोठणे ही मात्र खरी डोकेदुखी आहे.

प्रश्नकर्ता: आभार. आधी सावलीचा नकाशा करतो आणि पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या चुरपोनशी बोलतो.